अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ कळतं. पण प्रसंग समोर आला की काय ठेवायचं?

चांदणवेल

जाणकारांनो, मदत हवी आहे.

माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान) मिररलेस कॅमेरा आहे. त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आणि नंतर घेतलेली ५५-२०० ची झूम, एवढंच सामान. अ‍ॅपर्चर म्हणजे काय, शटर स्पीड काय करतो, आयएसओ वाढवला की दाणे दिसतात, हे वाचून वाचून पाठ झालंय: अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं; शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येतो; आयएसओ म्हणजे तो उजेड किती वाढवून घ्यायचा. कोणी विचारलं तर नीट समजावूनही सांगेन. पण कॅमेरा डोळ्याला लावला की काही सुचत नाही. एफ/८ ठेवू की एफ/४? शटर किती पुरेल? विचार करेपर्यंत समोरचं निघून जातं आणि मी डायल पुन्हा ऑटोवर आणते.

नेमकं कुठे अडतं ते सांगते. भाचा संध्याकाळी घरभर पळत असतो, त्याचे फोटो हललेले येतात. बहीण नाचते, तिच्या कार्यक्रमाच्या फोटोंत मागचा काळोख राखाडी दिसतो आणि तिचा चेहरा पांढराफटक. बारा जणांचा तीन रांगांत फोटो काढला, तर मागची रांग धूसर. धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसावं असं फार वाटतं, ते जमत नाही. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे नुसता पांढरा ठिपका.

नेटवर तक्ते भरपूर मिळतात. 'पोर्ट्रेट: एफ/२.८, लँडस्केप: एफ/११' वगैरे. ते उतरवूनही घेतले. पण माझ्यासमोर असतं ते तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. अनुभवी लोक जागेवर पोचल्या पोचल्या दोन डायल फिरवतात आणि मोकळे होतात. त्या वेळी तुमच्या डोक्यात काय चालतं, तेवढं सांगाल का?

जुनं रीळ

चांदणवेल, ते तक्ते आधी बाजूला ठेवा. खिडकीपाशी शांत बसलेली आजी आणि झोक्यावरचं पोर, तक्त्याच्या लेखी दोन्ही पोर्ट्रेटच. पण दोघांना लागणारे आकडे एकमेकांपासून कितीतरी लांब असतात.

मी कॅमेरा उचलताना एकच विचारतो: हा फोटो कशाने वाया जाईल? समोरचं माणूस हललं म्हणून? माझा हात हलला म्हणून? एक चेहरा फोकसमध्ये आला आणि बाकीचे निसटले म्हणून? की चेहऱ्यावरचा उजेड जळून पांढरा पडला म्हणून? यातला जो धोका त्या प्रसंगी सगळ्यात मोठा, त्याचा आकडा आधी पक्का करायचा. हलण्याचा धोका असेल तर शटर. फोकसची खोली कमी पडणार असेल तर अ‍ॅपर्चर. उजेड जळणार असेल तर एक्सपोझर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड + किंवा − करायची सोय. उरलेले आकडे त्या पहिल्याच्या मागून येतात, येऊ द्यायचे. तीन गोष्टी एकदम ठरवायला गेलं की कोणालाच सुचत नाही.

या यादीत आयएसओचे दाणे मी मुद्दाम घेतलेले नाहीत. मी रिळावर शिकलो. एकदा ४०० चं रीळ भरलं की ३६ फोटो संपेपर्यंत आयएसओ तोच, त्याला हात लावायची सोयच नव्हती. रंगमंचावरच्या कार्यक्रमांसाठी ४०० चं ब्लॅक अँड व्हाइट रीळ १६०० चं आहे असं धरून वापरायचं आणि डेव्हलप करताना दोन स्टॉप पुश करायचं (जास्त वेळ धुऊन उजेडाची तूट भरायची; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), हा तेव्हाचा सर्रास मार्ग होता. दाणे चांगले ठसठशीत यायचे. तरी ते फोटो आजही बघावेसे वाटतात, कारण त्यांतले डोळे जागच्या जागी आहेत. आता तर दाणे सॉफ्टवेअरमध्ये बरेच कमी करता येतात. हललेला डोळा तसा सावरता येत नाही. म्हणून सांगतो, आयएसओला भिऊन शटर कमी ठेवू नका.

आता तुमचा भाचा. पळणाऱ्या मुलासाठी १/२५० सेकंद हे मी कमीत कमी मानतो; उड्या मारत अंगावर येत असेल तर १/५००. समजा संध्याकाळी दिव्याच्या उजेडात, एफ/४ आणि आयएसओ ४०० वर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर १/१५ दाखवतोय. घरात असाच काहीसा आकडा येतो. आता मोजा: १/१५ वरून १/३०, मग १/६०, १/१२५, १/२५०. चार पायऱ्या, आणि दर पायरीला उजेड निम्मा. तो चार पायऱ्यांचा उजेड दुसरीकडून भरून काढायचा. आयएसओ ४०० वरून ८००, १६००, ३२००, ६४००. झाल्या चार. स्टॉप मोजणं म्हणतात ते हेच, आणि एवढा हिशोब बोटांवर जमायला लागला की अर्धं काम झालं.

६४०० जास्त वाटत असेल तर लेन्सकडे बघा. तुमची किट लेन्स १८ ला एफ/३.५ पर्यंत उघडते, पण ५५ ला एफ/५.६ वर येऊन थांबते. म्हणजे झूम केलंत की एक स्टॉप आणि वर थोडा, एवढा उजेड गेला. घरात म्हणून झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जा. अगदी १८ वर चेहऱ्याला भिडू नका, नाक मोठं दिसतं. २४-२८ च्या आसपास ठीक पडतं. पुढेमागे लेन्स घ्यायची झाली तर ३५ मिमीची एफ/१.८ घ्या. एफ/४ वरून एफ/२ वर आलात की दोन स्टॉप मिळाले, ६४०० चं काम १६०० वर होतं. माझ्या मते घरातल्या मुलांसाठी महागड्या बॉडीपेक्षा ही एक साधी लेन्स जास्त उपयोगी.

बहिणीच्या नाचाचं दुखणं वेगळं आहे. तिथे फोटो वाया जातो तो मीटरमुळे. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, त्याला फक्त सरासरी उजेड कळतो, आणि ती सरासरी मधल्या राखाडीवर आणून बसवायची एवढंच तो करतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खिडकीपाशी एक पांढरा कागद आणि एक काळं कापड ठेवा. कॅमेरा ए मोडवर (अ‍ॅपर्चर आपण ठेवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ ऑटो. फोकस मॅन्युअल करा, कारण कोऱ्या कागदावर ऑटोफोकस नुसता मागेपुढे करत बसतो. फ्रेम पूर्ण भरेल इतक्या जवळून आधी कागदाचा फोटो काढा, मग कापडाचा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघितलेत तर कुठला कागद आणि कुठलं कापड ते चटकन सांगता येणार नाही. दोन्ही राखाडी. मग कागदाला कॉम्पेन्सेशन साधारण +१.७ आणि कापडाला −१.७ देऊन पुन्हा काढा. आता कागद पांढरा येईल, कापड काळं.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास जी झोन पद्धत बसवली, तिच्या मुळाशी हेच आहे. शून्य ते दहा असे अकरा झोन, शून्य म्हणजे निव्वळ काळा, दहा म्हणजे निव्वळ पांढरा, आणि मीटर जिथे बोट ठेवतो तो पाचवा. 'हे मला पाचव्यात हवंय की सातव्यात' हे ठरवायचं काम आपलं. सातव्यात हवं असेल तर +२. डिजिटल कॅमेऱ्यावरचं कॉम्पेन्सेशनचं डायल हे तेच, फक्त सोपं करून दिलेलं.

रंगमंचावर फ्रेमचा मोठा भाग काळोख असतो आणि नर्तिका त्यात लहानशी. मीटर त्या काळोखाला उजळायला जातो आणि चेहरा जळतो. म्हणून कार्यक्रम सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत मी फक्त उजेड बघतो. मेनूतून हायलाइट अलर्ट चालू करायचा, म्हणजे जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. −१ देऊन एक फोटो; चेहरा अजून लुकलुकतोय तर आणखी खाली. लुकलुकणं थांबलं की ते आकडे एम मोडवर, म्हणजे सगळं हाताने ठरवायच्या मोडवर, जसेच्या तसे ठेवायचे, आयएसओसुद्धा ठरलेला. तुमच्या झूमवर एफ/५.६, १/३२० आणि आयएसओ २५०० च्या आसपास काहीतरी निघेल असा माझा अंदाज. चेहऱ्यावरचा दिवा तोच आहे तोवर मागे काळा पडदा असो की रंगीत, आकडे हलवायची गरज नाही. प्रकाशयोजना बदलली की परत बघायचं. पूर्ण लाल किंवा निळा दिवा पडला तर साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख) ठीकठाक दिसतो आणि आत एकच रंग जळून गेलेला असतो. तिथे तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघायचा.

आणि नाच नीट बघा. उडी टोकाला पोचते तिथे शरीर क्षणभर थांबल्यासारखं असतं, तिथे १/२५० सुद्धा पुरतं. तीच उडी खाली येताना १/६४० लागेल. गिरकीत चेहरा स्थिर मिळाला आणि वस्त्राची कड जराशी पुसट झाली तर मला ते आवडतं, तिथे मी शटर वाढवत नाही. तालमीला जाऊन बसता आलं तर जरूर बसा. कुठे थांबणार ते आधीच माहीत असलं की कमी शटरवरही नेमका फोटो मिळतो.

फ्लॅश बंद. आणि सायलेंट शटरही शक्यतो नको, एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. मेकॅनिकल वापरा.

टिटवी

रीळकाकांचं 'कशाने वाया जाईल' एकदम पटलं. मी पक्ष्यांचे फोटो काढते, तिथे हाच प्रश्न सतत विचारावा लागतो, कारण उत्तर सेकंदासेकंदाला बदलतं. फांदीवर बसलेला पक्षी १/५०० ला आरामात मिळतो. तोच उडाला की १/२००० हवा, लहान आणि चपळ असेल तर त्याहून जास्त. बसलेला पक्षी उडणारच आहे हे धरून मी शटर आधीच वर ठेवते. उडायच्या आधी तो बहुतेक वेळा थोडा वाकतो किंवा शीट करतो. ते दिसलं की बोट तयार.

चांदणवेल, तुम्हाला सवय लावायची असेल तर एम मोड आणि ऑटो आयएसओ अशी जोडी करून बघा. शटर आणि अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवा, उजेडाची तोंडमिळवणी कॅमेरा आयएसओने करतो. त्यामुळे लक्ष दोनच गोष्टींवर राहतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत या जोडीवर कॉम्पेन्सेशनही चालतं, आणि ते मला फार लागतं. उजळ आकाशासमोर उडणारा पक्षी म्हणजे काकांच्या काळ्या पडद्याची उलटी बाजू. मीटर आकाशाला राखाडी करायला जातो आणि पक्षी नुसती काळी आकृती उरते. तिथे +१ ते +१.७ द्यायचं, तेव्हा पंखांखालची पिसं दिसतात. तोच पक्षी खाली उतरून गर्द झाडीसमोर आला की ते वाढवलेलं कॉम्पेन्सेशन काढून टाकायला विसरायचं नाही. बगळा किंवा पांढरा पक्षी असेल तर मात्र झाडीसमोर उलट −०.७ ते −१, नाहीतर पिसांतली नक्षी जाते.

हाताच्या हलण्याचा साधा नियम: शटरचा छेद निदान फोकल लेंथइतका (लेन्सवरचा मिमीचा आकडा) ठेवायचा, आणि एपीएस-सीवर त्याला दीडने गुणायचं. तुमच्या २०० वर ३००, म्हणजे १/३२०. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर याहून कमी शटर चालतो, पण ते फक्त आपल्या हाताचं हलणं सावरतं. भाचा पळत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. हा गैरसमज इतक्या जणांचा असतो की मुद्दाम लिहिलं.

फोकस सतत मागोवा घेणाऱ्या मोडवर ठेवा. पळणाऱ्याला एकदाच लॉक करून उपयोग नाही, बटण दाबेपर्यंत तो पुढे गेलेला असतो.

चांदणवेल

रीळकाका, टिटवीताई, खूप खूप आभार. कागद आणि कापडाचा प्रयोग लगेच केला. दोन्ही खरंच सारखे राखाडी! मीटरबद्दल कितीदा वाचलं होतं, पण आता डोक्यात बसलं.

भाच्याचे फोटो १/२५० आणि ६४०० वर काढले. डोळे स्वच्छ आलेत, दाण्यांकडे घरात कोणाचं लक्षही गेलं नाही. पण एक नवीनच गोष्ट दिसली. सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, पुढचा अंधारलेला, तिसरा पिवळट. सेटिंग तेच, जागा तीच, दिवा तोच. हे काय असावं?

आणि त्या तीन रांगांच्या फोटोचे आकडे बघितले: ५५-२०० ची झूम, १३५ मिमी, एफ/४.५, अंतर साधारण १२ मीटर. फोकस पुढच्या रांगेवर होता. चंद्र आणि धबधबा तर राहिलेच.

जुनं रीळ

दिवा लुकलुकतोय. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर बऱ्याचशा दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा चढतो आणि उतरतो. डोळ्याला ते कळत नाही, १/२५० च्या शटरला कळतं. एक फोटो चढत्या उजेडात सापडतो, दुसरा उतरत्या. काही दिव्यांत त्या चढउतारात रंगही बदलतो, तुमचा पिवळट फोटो त्यातला. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलंत तर प्रत्येक फोटोत चढउताराचे पूर्ण फेरे येतात आणि सगळे सारखे निघतात. ६० हर्ट्झचा पुरवठा असेल तिथे १/१२० किंवा १/६०, नेमकं १/१२० नसेल तर १/१२५ घ्या.

पण १/१०० ला भाचा हलणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. इथे दोन धोके समोरासमोर आहेत आणि एकाला पसंती द्यावी लागते. मेनूत अँटी-फ्लिकर असं काही आहे का बघा. ते चालू केलं की कॅमेरा उजेडाचा चढ बघून शटर सोडतो. नसेल तर सलग पाच-सहा फोटो घ्या आणि उजळ निघालेले ठेवा. सगळ्यात चांगलं म्हणजे दिवसा खिडकीपाशी खेळवा. खिडकीचा उजेड लुकलुकत नाही, आणि दिव्यापेक्षा भरपूर जास्त असतो.

तीन रांगांचा फोटो. १३५ मिमी, एफ/४.५, १२ मीटर. या आकड्यांवर एपीएस-सी सेन्सरला फोकसच्या मागे जेमतेम पाऊण मीटर स्पष्ट मिळतं. तिसरी रांग पहिलीच्या मागे मीटरभर तरी असणार, म्हणजे ती बाहेरच गेली. किट लेन्स ३५ वर ठेवा, साडेतीन मीटरवर उभ्या राहा, एफ/५.६. तेवढीच माणसं फ्रेममध्ये मावतील आणि पुढच्या रांगेवर फोकस केला तरी मागे दीड मीटरहून जास्त स्पष्ट मिळेल. रांगा आणखी असतील तर एफ/८. उन्हापेक्षा सावलीत उभं करा, डोळे बारीक होत नाहीत. शटर १/१२५ च्या खाली नको, बारा जणांत कोणीतरी मान वळवतोच. आणि चार-पाच फोटो घ्या, पापण्यांसाठी.

चंद्राचा प्रश्न ऐकला की मला कोडॅकच्या रिळासोबत येणारा तो कागद आठवतो. त्यावर छोटी छोटी चित्रं असायची: कडक ऊन, धूसर ऊन, ढगाळ, सावली. कडक उन्हात एफ/१६ आणि शटर रिळाच्या आकड्याइतका, म्हणजे १०० च्या रिळाला १/१००, जवळचं म्हणून १/१२५. धूसर उन्हात एफ/११, ढगाळ पण उजळ असेल तर एफ/८, दाट ढग किंवा मोकळी सावली असेल तर एफ/५.६. मीटर नसलेल्या कॅमेऱ्यांवर लोकांनी वर्षानुवर्षं एवढ्यावर फोटो काढले. चंद्राला हा नियम का लागू पडतो? कारण तो आपल्याला रात्री दिसत असला तरी त्याच्यावर ऊन पडलेलं आहे. त्याचा पृष्ठभाग तसा काळपटच, म्हणून एफ/१६ ऐवजी एफ/११ धरतात. पौर्णिमेला आयएसओ १००, एफ/११, १/१००. किंवा तोच उजेड एफ/८ आणि १/२०० ने. मीटरचं ऐकू नका, तो आजूबाजूचा काळोख मोजतो. एम मोडवर हे आकडे ठेवा, डाग दिसायला लागतील. अर्ध्या चंद्राला साधारण दोन स्टॉप जास्त द्या. एवढं मात्र धरून चाला की २०० मिमीच्या लेन्सने चंद्राची प्रतिमा सेन्सरवर २ मिलिमीटरही होत नाही, आणि सेन्सरची उंची १५-१६ मिलिमीटर. फोटो कापून मोठा करावा लागेल. समोर एखादं झाड किंवा डोंगरकडा घेऊन, चंद्र क्षितिजाजवळ असताना काढलात तर जास्त शोभेल. पण खाली असताना हवेच्या थरामुळे तो मंद दिसतो, तेव्हा उजेड थोडा वाढवून बघा.

धबधबा हा एकच प्रसंग असा की जिथे आपल्याला उजेड नको असतो. रेशमी पाण्याला पाव सेकंद ते दोन सेकंद लागतात. मोकळ्या सावलीतसुद्धा आयएसओ १००, एफ/११ वर साधारण १/३० येतो. तुम्हाला जमत नव्हतं ते त्यामुळेच. उजेडच जास्त आहे. तिथे एनडी फिल्टर लावायचा, म्हणजे लेन्सवर बसणारी, उजेड कमी करणारी काळपट काच. एनडी ८ म्हणजे तीन स्टॉप: १/३० चं पाव सेकंद होतं. एनडी ६४ म्हणजे सहा स्टॉप: दोन सेकंद. एफ/२२ करून उजेड कमी करायचा मोह होतो, पण तिथे डिफ्रॅक्शनने (अगदी लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळा फोटो मऊ पडतो. एपीएस-सीवर मी एफ/११ च्या पुढे सहसा जात नाही. ट्रायपॉड लागणारच. बटण बोटाने दाबल्याचा धक्काही दिसतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) असेल तर तोच आधी लावा, दीडेक स्टॉप उजेड कमी होतो आणि ओल्या दगडांवरची चकाकी जाऊन त्यांचा खरा रंग वर येतो. पाणी फार जोरात असेल तर पाव सेकंदच बरा, दोन सेकंदांत नुसता पांढरा पडदा उरतो आणि पाण्याची धार, तिचा जोर, काहीच दिसत नाही.

कवडसा

वाचनखूण साठवली. मध्येच एक विचारतो: हे सगळं रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढायचं की जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो)? आणि व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे पांढरा पांढराच दिसावा म्हणून करायच्या सेटिंगचा, उल्लेख कोणीच केला नाही.

टिटवी

रॉ. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारलेला भाग नंतर उजळताना हा फरक चांगलाच जाणवतो. व्हाइट बॅलन्सही रॉमध्ये नंतर हवा तसा बदलता येतो, म्हणून मी तो ऑटोवर ठेवते आणि जागेवर त्याचा विचार करत नाही. जेपेग काढणार असाल तर मात्र करावा लागेल: पिवळ्या दिव्याला ३००० केल्विनच्या आसपास, उन्हाला ५५००. रॉलासुद्धा मर्यादा आहे. अंधार बराचसा परत मिळतो, पण पूर्ण जळलेला पांढरा भाग मिळत नाही. त्यामुळे काकांचं लुकलुकणं बघण्याचं काम रॉ काढतानाही सोडू नका.

चांदणवेल

आता बरंच सुटसुटीत वाटतंय. शेवटचं एक: बहिणीचा पुढचा कार्यक्रम जवळ आलाय. रंगमंचावरून खाली आल्यावर लगेच सगळ्यांचा ग्रुप फोटो काढायचा असतो, आणि एवढे आकडे त्या घाईत बदलणं मला जमेल असं वाटत नाही.

जुनं रीळ

बदलू नका, साठवून ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याच्या डायलवर सी१, सी२ असं काही असेल, आपले आकडे साठवून ठेवायच्या जागा. आदल्या दिवशी सी१ वर नाच बसवा: एम मोड, एफ/५.६, १/३२०, आयएसओ २५००, सतत फोकस, मेकॅनिकल शटर. सी२ वर ग्रुप: ए मोड, एफ/५.६, ऑटो आयएसओ ६४०० पर्यंत, किमान शटर १/१२५, एकदाच लॉक होणारा फोकस. खाली आलात की एक डायल फिरवायचं आणि लेन्स बदलायची. दोन्ही लेन्स आणि जास्तीची बॅटरी पिशवीत वरच ठेवा. सी१ वरचे आकडे अंदाजाचे आहेत. पहिल्या गाण्यात चेहरा लुकलुकतोय का ते बघून आयएसओ खालीवर करा, शटरला हात लावू नका. काही कॅमेऱ्यांत तिथे केलेला बदल डायल फिरवला की पुसला जातो आणि जुने आकडे परत येतात, ते घरीच तपासून घ्या.

कार्यक्रम झाला की चार-पाच फोटो इथे टाका, जमले नाहीत असे वाटणारेसुद्धा, आणि प्रत्येकाखाली आकडे लिहा. ते समोर असले की नेमकं बोलता येईल.